कोण कोणाला म्हणालं

वहीला चार रकाने होते. पहिल्यात वाक्य, जसं कानावर आलं तसं. दुसऱ्यात ते कोण म्हणालं, तिसऱ्यात कोणाला म्हणालं आणि चौथ्यात त्याचं इंग्रजी. चौथा रकाना सगळ्यात रुंद आखायचा, कारण खाडाखोड तिथेच होणार हे मुलाणी सरांनी आधीच धरून चाललं होतं. मार्गासनीच्या शाळेत आमच्या नववीला इंग्रजी शिकवायला ते भोरहून आले होते. सोमवारी पहिल्या एसटीनं येत, आठवडाभर गावात एक खोली घेऊन राहत आणि शनिवारी दुपारी घरी जात. कॅन, मे, मस्ट, शुड, शॅल, वुड, माईट या क्रियापदांचं पुस्तकात एक पान होतं. समोर अर्थ छापलेले होते : सामर्थ्य, परवानगी, सक्ती, सल्ला, शक्यता. दुसऱ्या कोणी ते पान पाठ करून घेतलं असतं. मुलाणी सरांनी ते उघडायलाही सांगितलं नाही. "ही सगळी तुमच्या घरात रोज फिरतात," ते म्हणाले. "जाऊन पकडून आणा." मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं, "सर, आमच्या घरात विंग्रजी कोनबी बोलत न्हाई." सर म्हणाले, "म्हणून तर सोपं आहे. लपायला जागाच नाही त्यांना."

नावं कशाला लिहायची, हे त्यांनी एका वाक्यावर दाखवलं. फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'जेवून जा.' मग विचारलं, "इथं मे घालू, की मस्ट, की शुड?" वर्गात तिन्ही उत्तरं आली. सरांनी खडू खाली ठेवला. "कोण म्हणालं ते माहीत नाही आणि उत्तर देताय? आई शाळेत निघालेल्या पोराला म्हणाली तर मस्ट. ते पोर 'नको' म्हणूच शकत नाही. डॉक्टर पेशंटला म्हणाला तर शुड. शेजारीण तुम्हाला म्हणाली तर?" एक मुलगी म्हणाली, "सर, आमची शेजारीन म्हनती जेवून जा, पन ताट करत न्हाई." वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते विचारात पडले आणि म्हणाले, "हे लिहून आण. याला इंग्रजीत काय म्हणतात ते मलाही शोधावं लागेल." शिक्षकाला एखादी गोष्ट येत नाही आणि तो ते सांगतो, हे आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. मला ती वही आवडली ती त्या क्षणापासून.

आमचं घर रस्त्यापासून थोडं आत होतं. पुढे ओटा, मग माजघर, मागे चूल. घरात चौघं : आबा, आई, माझी थोरली बहीण विमल, जिला मी आक्का म्हणायची, आणि मी. आबांची भातशेती होती. आक्का रोज नसरापूरला एसटीनं जाऊन-येऊन बारावी झाली होती. वही घेऊन बसायला सगळ्यात चांगली जागा माजघराचा उंबरा. तिथून ओट्यावरचं बोलणं डाव्या कानाला आणि चुलीपुढचं उजव्या कानाला ऐकू यायचं. गिरणी चालू झाली की तिचा पुकपुक आवाज दोन्हींवर चढायचा आणि मग बोलणारी माणसं आवाज वाढवायची. माझी बरीच वाक्यं गिरणीच्या वेळातली आहेत. चुलीवर बहुधा हुलग्याचं माडगं किंवा भात, सकाळी नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. चटणीचा वास आला की आबा ओट्यावरून आत येत आणि ताट यायच्या आधी बसत. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे एकतीस वाक्यं जमली. त्यांतली नऊ एकट्या आबांची होती आणि नऊपैकी चार नुसती 'बघू' अशी होती.

'बघू'ला मी चौथ्या रकान्यात 'वुई शॅल सी' लिहिलं. सरांनी ते वाचून विचारलं, "तुझे वडील बघू म्हणाले की पुढे काय होतं?" मी सांगितलं की काहीच होत नाही. "मग ते 'नाही' झालं," सर म्हणाले. मी सांगितलं की नेहमी नाही. छत्री मागितली तेव्हाही बघू म्हणाले होते आणि चार दिवसांनी छत्री आली. सरांनी शॅल खोडलं, वर माईट लिहिलं, मग तेही खोडलं आणि जागा मोकळी ठेवली. "आणखी बघू गोळा कर," ते म्हणाले. "दहा झाले की ठरवू." आईची वाक्यं आणखी अवघड होती. आई आबांना काही कर असं कधी सांगतच नसे. 'पाणी तापलंय' म्हणायची, म्हणजे आंघोळीला उठा. 'तिन्हीसांज झाली' म्हणायची, म्हणजे गुरं आत घ्या. मी लिहिलं होतं, 'वॉटर इज हॉट'. सर म्हणाले, "हे बरोबरही आहे आणि चूकही. तुझी आई शुड म्हणतेय. फक्त ते तिनं तोंडातून बाहेर येऊ दिलेलं नाही." त्यानंतर मी घरातल्या साध्या वाक्यांकडेही संशयानं बघू लागले. भाकरी करपली, पाहुणे उशिरा आले, गाडी गेली, या सगळ्यांच्या मागे कोणी तरी कोणाला तरी काही करायला सांगत असणार असं वाटायचं. बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

पुढे मी पुण्याच्या एका दैनिकात जिल्ह्याच्या पानावर पस्तीसेक वर्षं काढली. इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी मराठीत आणताना पहिला बळी जातो तो 'मे'चा. मजकुरात 'धरणातून पाणी सोडले जाण्याची शक्यता' असतं आणि शीर्षकात 'धरणातून पाणी सोडणार'. शक्यता हा शब्द लांब पडतो, ओळीत बसत नाही. 'असे समजते' हे दुसरं. कोणाला समजते, कोणाकडून समजते, याचं उत्तर उपसंपादकाला द्यावं लागत नाही. मी हाताखालच्या मुलांना रकाने आखून द्यायची. ते हसायचे. आता फोनमध्ये बोट लावलं की भाषांतर होतं. मी मुद्दाम 'जेवून जा' घालून पाहिलं. त्यानं एक उत्तर दिलं आणि कोण म्हणालं ते विचारलं नाही.

त्या वर्षी आक्काला कामथडीचं स्थळ आलं होतं. घर हमरस्त्याच्या जवळ, जमीन बरी, मुलगा शांत. पाहून गेले होते आणि पसंती कळवली होती. आबांनी त्यांना 'कळवतो' म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडे या शब्दाचा एक रिवाज आहे. होकार असेल तर माणूस स्वतः जातो. नकार असेल तर कोणीच जात नाही. महिना-दीड महिना जाऊ देतात, मग तिसऱ्याच कोणाबरोबर निरोप जातो की पत्रिका जमत नाही किंवा यंदा कर्तव्य नाही. समोरचेही ते खरं मानल्यासारखं करतात. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्या घराला खोट लावणं. आबांचं अजून ठरलं नव्हतं. आक्काचं ठरलं होतं. तिला भोरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जायचं होतं, तिथेच राहून. तिनं आबांना एकदा विचारलं होतं आणि आबा 'बघू' म्हणाले होते. तो बघू माझ्या वहीत सातवा आहे.

कॉलेजचे फॉर्म सुटल्याची बातमी आली त्या दिवशी आबा शेतावर होते. आक्का चुलीपुढे बसून शेंगा निवडत होती. आई भाकरी थापत होती. तिनं थापता थापता, मान वर न करता म्हटलं, "कामथडीच्यास्नी आपुन न्हाई म्हनू. तू भोरला जा. ह्यांस्नी म्या बघते." आक्काचे हात थांबले. आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "शेंगा निवड." मी उंबऱ्यावर होते. वाक्य मी तसंच्या तसं उतरवलं. दुसऱ्या रकान्यात 'आई', तिसऱ्यात 'आक्का'. चौथ्या रकान्यात 'तू भोरला जा'पाशी मात्र अडले. मे घालता येईना, कारण परवानगी ज्याच्या हातात असते त्यानं द्यायची आणि ती आबांच्या हातात होती. कॅन म्हणावं तर प्रश्न जमण्याचा नव्हता. शेवटी मी मस्ट लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं. हे घरातलं वाक्य आहे, ते घराबाहेर न्यायचं की नाही, हा विचार मला शिवला नाही. माझ्यापुढे शंका फक्त क्रियापदाची होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "कोणाला काही अडलंय?" मी उभी राहिले आणि चारही रकाने वाचून दाखवले. आई हा शब्दही वाचला. सरांना आमच्या घरच्या स्थळाची कल्पना असायचं कारण नव्हतं. ते प्रश्नावर खूश झाले. "ज्याच्या हातात परवानगी नाही, त्यानं ती दिली तर?" असं त्यांनी वर्गाला विचारलं. उत्तरं येऊ लागली. माझ्या पुढच्या बाकावर सुनंदा बसायची. ती मामाकडे राहून शिकत होती, गाव कामथडी. ज्या मुलाचं स्थळ आलं होतं तो तिचा चुलतभाऊ. हे मला माहीत होतं. मी खाली बसले तेव्हा सुनंदाची वेणी अजिबात हलत नव्हती, एवढं मला आठवतं. त्याचा अर्थ मात्र मला घरी पोचेपर्यंत कळला नाही. कळला तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. सुनंदा शनिवारी गावी जाणार होती.

रविवारी अकराच्या सुमारास दोघं आली. मुलाचे चुलते, म्हणजे सुनंदाचे वडील, आणि मुलाची आत्या. चुलते ओट्यावर बसले. आत्या चपला काढून सरळ माजघरात आली, भिंतीला टेकली आणि पदरानं वारा घेऊ लागली. आबांना वाटलं विचारायला आले आहेत. ते म्हणाले, "आवंदा कामं लई झाली. कळवनारच हुतो." चुलते म्हणाले, "कळलं की आमाला. तुमी कशाला तरास घेताय? आमी तिकडं घरी वाट बघत बसलोय आन् तुमच्या शाळंत पोरं आमचा निकाल वाचत्यात." आबांनी विचारलं, "कसला निकाल?" "पोरीला म्हनावं वही आन." आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही आणली. चुलत्यांनी पान काढायला सांगितलं, मी काढलं आणि ती आबांच्या हातात दिली.

आबा ओळीखाली बोट धरून वाचत. त्यांनी वाक्य वाचलं. मग बोट दुसऱ्या रकान्यावर गेलं आणि तिथे थांबलं. त्यांनी अंगठा आडवा करून त्या रकान्यावर ठेवला, नाव झाकेल असा, आणि वही चुलत्यांपुढे धरली. "ग्रामरमधलं उदाहरन हाय हे," ते म्हणाले. "पोरं मनानं बनवून लिवत्यात. मास्तर सांगतो तसं." मग मला म्हणाले, "व्हय ना गं शके?" चुलते माझ्याकडे बघत होते. आतून आत्याचा वारा घ्यायचा आवाज थांबला होता. 'हो' म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, आबांनी त्या आठवड्यातच होकार दिला असता आणि आक्का कामथडीला गेली असती, कारण एवढं झाल्यावर नाही म्हणायला तोंडच राहिलं नसतं. 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता : मग कोण म्हणालं? पुढे धंद्यात हा प्रश्न मला अनेकांनी विचारला, काहींनी दमात घेऊनही विचारला, आणि उत्तर न द्यायला मी शिकले. त्या दिवशी मी शिकलेली नव्हते. मी फक्त गप्प राहिले.

आई माजघराच्या दारात आली. पाहुणा पुरुष ओट्यावर असताना ती दाराच्या अलीकडेच थांबायची. त्या दिवशी तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला. "बनवून न्हाई लिवलं," ती म्हणाली. "म्या म्हनलं." चुलत्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी वहीकडे पाहिलं. आत्या आतून म्हणाली, "अगं बाई, मग कारभारनीचा निरोप हाय म्हना की. आमी कारभाऱ्याच्या निरोपाची वाट बघत हुतो." आई तिच्याकडे वळली. "आत्याबाई, तुमचं घर चांगलं हाय. पोरगा चांगला हाय. न्हाई म्हनायला मला कायबी कारन न्हाई. पत्रिका न्हाई जमत, अमुक न्हाई, तमुक न्हाई, असलं म्या काय सांगनार न्हाई. पोरीला शिकायचंय. येवढंच हाय." चुलते उठले. "चला," ते आत्याला म्हणाले. आत्या उठली नाही. चुलीवर पातेलं उकळत होतं, त्याकडे हात करून ती म्हणाली, "च्या टाकलाय त्यांनी. न्हाई म्हनल्या म्हनून च्या सोडायचा व्हय? बस की." आणि ती दोन कप भरून घेऊन स्वतः ओट्यावर गेली. चुलत्यांनी उभ्यानं चहा घेतला. जाताना आत्या आईला म्हणाली, "तोंडावर न्हाई म्हननारं मानूस म्या पयल्यांदा बगितलं. वाईट वाटलं. पन दीड महिना तरी वाचला आमचा." सुनंदा पुढचे आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, मग बोलू लागली.

आबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी आईशी बोलणं बंद केलं. लागेल ते माझ्यामार्फत मागायचे. "आईला सांग, पानी पायजे." आई तिथेच, दोन हातांवर असायची आणि मी तिला सांगायची की पाणी पाहिजे. तीही मला म्हणायची, "सांग, घागर भरलीय." मधला माणूस म्हणून दोन्हीकडची वाक्यं जशीच्या तशी पोचवायचं काम माझ्याकडे होतं. वहीत मी त्यांतलं एकही लिहिलं नाही. आक्का दिवसभर घरात कामं काढायची आणि फॉर्मची तारीख कोणी उच्चारत नसे.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मुलाणी सर घरी आले. गावात त्यांच्या कानावर गेलं होतं. ओट्याच्या कडेला बसून ते म्हणाले, "आबा, चूक माझी आहे. नावं लिहायला मी सांगितलं आणि वर्गात वाचूनही मीच घेतलं. पोरीला बोलू नका." आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "पोरीला कोन बोललं न्हाई." अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "नाव नसतं तर म्याबी त्ये उदाहरनच समजलो असतो, मास्तर." आबांनी सुपारी पुढे केली. "भोरला पोरी ऱ्हात्यात कुठं?" सरांनी मुलींच्या वसतिगृहाचं सांगितलं, तिथल्या बाई कशा आहेत ते सांगितलं, आपल्या घरापासून ते किती पावलांवर आहे तेही सांगितलं. आबांनी जेवणाचं विचारलं. भात कसला असतो तेही विचारलं. आत चुलीपुढे आई आणि आक्का दोघीही हात थांबवून बसल्या होत्या. सर उठले तेव्हा आबा म्हणाले, "बघू." सरांनी जाता जाता माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. या बघूपुढे चौथ्या रकान्यात काय घालायचं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी रात्री आईनं भाकऱ्या बांधल्या आणि आक्काला वेणी घालून ठेवायला सांगितलं. आबांना ती काही म्हणाली नाही, माझ्यामार्फतही नाही. सकाळी आम्ही तिघी स्टँडवर गेलो, मी पिशवी घेऊन सोडायला. वेल्ह्याहून येणारी गाडी वळणावर दिसली तेव्हा दारात पायरीपर्यंत माणसं उभी होती. आईनं पदर खोचला. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून आबा धावत आले. ते शेतावर गेले आहेत अशी आमची समजूत होती. गाडी थांबायच्या आत ते तिच्या बाजूनं पळत गेले, कोण उतरायला उठलंय ते खिडक्यांतून पाहिलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तिसऱ्या खिडकीतून आत टाकला. टॉवेल सीटवर पडला. मग त्यांनी दारातल्या माणसांना दोन्ही हातांनी बाजूला केलं. "बायामान्सं हायत, जाऊ द्या." आई आणि आक्का चढल्या. आत कोणी तरी सीटवरून वाद घालत होतं, तर आबा खिडकीतून ओरडले, "टावेल माझा हाय तो!" कंडक्टरनं घंटी दिली. गाडी गेली. टॉवेल गाडीतच राहिला.

स्टँडवरच्या चहावाल्यानं विचारलं, "कुठं निगाली मंडळी?"

"भोरला," आबा म्हणाले. "पोरगी कालेजात जानार."

"पाठवली व्हय मग?"

"पाठवायचं काय त्यात? तिला जायचं हुतं."

संध्याकाळच्या गाडीनं दोघी परत आल्या. आबा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभी होते, सवयीनं. आईनं पिशवीतून टॉवेल काढला आणि माझ्याकडे न देता त्यांच्या शेजारी ठेवला. आबांनी तो झटकला, खांद्यावर टाकला आणि माझ्या डोक्यावरून आईला विचारलं, "घेतलं का त्यांनी?"

"घेतलं. फारमावर तुमची सही लागंल म्हनत्यात. उद्या द्यायचाय."

आबांनी हात पुढे केला. "आन," ते म्हणाले. "आन् दिवा जवळ घे. नीट दिसाय पायजे."